वहिनीची नखं का तुटत होती: पोळीभाजी केंद्रातली एक केस

जानेवारी २०२४, सकाळचे साडेसहा वाजले असतील. डोंबिवलीत वहिनीच्या पोळीभाजी केंद्रात मी माझा डबा घ्यायला थांबले होते आणि वहिनी परातीत कणीक तिंबत होती. मध्येच तिचा हात थांबला. उजव्या हाताची तर्जनी तिने ट्यूबलाइटखाली धरून बघितली, मग गोळा मोडून मोडून काहीतरी शोधायला लागली, मला आधी वाटलं अंगठी पडली की काय. अंगठी नाही, नखाचा कोपरा गेला होता आणि तो कुठे सापडत नव्हता. दोन-अडीच किलो पिठाची कणीक, सकाळच्या पहिल्या डब्यांची, तिने एक शब्द न बोलता उचलली, बाजूला बादलीत टाकली आणि नवीन पीठ चाळायला घेतलं. त्या दिवशी डबे पाऊण तास उशिरा गेले, फोनवर फोन आले, आणि मी निघताना ती एवढंच म्हणाली, "कोणाच्या पोळीत माझं नख निघालं तर हा धंदा मी कुठल्या तोंडाने करू गं?"

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर रक्त काढणं आणि मशीनवर सँपल लावणं हेच काम, तरी घरातल्या या बाईकडे नीट बघायला मला त्यानंतर पण अडीच महिने लागले, म्हणून तिला विचारून ही सगळी केस पहिल्यापासून लिहितेय. कारण नखं तुटतात म्हटलं की लोक हसून सोडून देतात, नखरे समजतात, पार्लरचा विषय समजतात. हातावर पोट असलेल्या बाईची नखं तुटतात तेव्हा तो पार्लरचा विषय नसतो.

तर सुरुवात झाली दिवाळी २०२३ ला. फराळाच्या ऑर्डरी होत्या, चकल्या, करंज्या, चिरोटे, आणि रोजचे डबे चालूच. वहिनी तेव्हा ३८ वर्षांची, मदतीला एक मावशी, रोजच्या साडेतीनशे-चारशे पोळ्या. तिला दिसलं की नखांच्या टोकाला पापुद्रे सुटतायत, एकावर एक थर उघडे पडल्यासारखे, आणि तीच म्हणाली, "बघ, माझ्या नखांचा पण चिरोटा झालाय." इतकं बरोबर वर्णन मी पुस्तकात पण वाचलं नाहीये, खरंच. नख एकसंध पत्र्यासारखं दिसतं पण ते चपट्या मेलेल्या पेशींचे थर एकमेकांवर घट्ट बसून बनलेलं असतं, आणि ते थर टोकाला आडवे सुटायला लागले की आधी पापुद्रा निघतो, मग तो पदराला अडकतो, लोकरीला अडकतो, आणि एक दिवस ओढला जाऊन नख जिवापर्यंत फाटतं. दुसरा प्रकार उभ्या भेगांचा असतो, नखावर मुळापासून टोकापर्यंत रेघा येतात आणि रेघेवरनंच नख चिरतं. वहिनीला मुख्यतः पहिला होता, अंगठ्याला थोडा दुसरा.

पहिला उपाय कॅल्शियम. ते सगळ्यांच्याच घरी पहिलं असतं. केमिस्टकडे गेली, नखं दाखवली, अनामिकेच्या नखावर एक-दोन पांढरे ठिपके होते ते बघून तो म्हणाला कॅल्शियम कमी आहे ताई, आणि डबी दिली. तिने दोन महिने रोज दुपारी जेवणानंतर इमानदारीत घेतलं, वर लगेच चहा.

आता हे कॅल्शियमचं मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण रोज कोणीतरी लॅबमध्ये नखं पुढे करून "कॅल्शियम चेक करा" म्हणतं. नखात कॅल्शियम असतं पण अगदी नगण्य, नखाचा कडकपणा त्याच्यावर नसतो. नख केराटिन नावाच्या प्रोटीनचं बनतं, ज्याचे केस बनतात त्याचंच, आणि त्या केराटिनच्या धाग्यांना घट्ट बांधून ठेवतात ते गंधकाचे जोड, म्हणूनच नख जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. आणि पांढरे ठिपके म्हणजे बहुतेक वेळा नखाच्या मुळाला लागलेला छोटासा मार, दारात बोट चेमटलं, लाटण्याखाली आलं, पार्लरमध्ये मुळाची कातडी जोरात मागे ढकलली, तेव्हा लक्षात पण राहत नाही आणि काही आठवड्यांनी ठिपका वर दिसतो. लहानपणी आम्ही गावाला गच्चीवर उभं राहून बगळ्यांची रांग गेली की दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासून बगळ्यांकडे फुलं मागायचो, आणि नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्याने फूल दिलं म्हणून नाचायचो. असाच एक ठिपका पुढे वहिनीच्या केसमध्ये फार कामाला आला, ते सांगते.

मग नखं कडक करणारं पॉलिश आणलं, बाटलीवर हार्डनर लिहिलेलं. पहिले पंधरा दिवस छान वाटलं, नखं टणक झाली, आणि मग पापुद्रा निघायच्या ऐवजी नखाचा सरळ तुकडाच उडायला लागला. यातल्या काही हार्डनरमध्ये फॉर्मल्डिहाइड किंवा त्याच्या जातीचं रसायन असतं, ते नखाला कडक करतं पण त्याची लवचिकता घालवतं, आणि लवचिकता नसलेलं नख कणीक तिंबताना वाकत नाही, तुटतं. कणकेतला तो तुकडा याच काळातला. शिवाय ते पॉलिश काढायला अ‍ॅसिटोनचं रिमूव्हर, दर चार दिवसांनी, म्हणजे उरलंसुरलं तेल पण गेलं. मध्येच कोणीतरी लसूण आणि लिंबू चोळायला सांगितलं, तेही तिने केलं, आणि नखांच्या कडेच्या भेगांमध्ये इतकी आग झाली की रात्री झोप लागली नाही.

कणीक टाकून द्यावी लागली त्या दिवशी संध्याकाळीच तिने ऑनलाइन बायोटीन मागवलं, बी गटातलं एक जीवनसत्त्व. रील बघून. १०,००० मायक्रोग्रामच्या गोळ्या, म्हणजे १० मिलीग्राम. माणसाला बायोटीन दिवसाला लागतं तीस-चाळीस मायक्रोग्राम, ते रोजच्या जेवणातनं, अंडं-दाणे-डाळीतनं मिळून जातं, त्यामुळे बायोटीन खरोखर कमी असलेला माणूस विरळाच. पण त्या गोळीचं नाव नखांशी जोडलं गेलंय ते घोड्यांच्या आणि डुकरांच्या खुरांमुळे, खुरं चिरलेल्या जनावरांना बायोटीन देऊन फरक दिसला म्हणून मग १९९० च्या आसपास माणसांवर छोटे छोटे अभ्यास झाले, रोज अडीच मिलीग्राम देऊन, आणि काही जणांची नखं जाड झाली. तुलनेला गोळी न दिलेले लोक घेऊन केलेला मोठा भक्कम अभ्यास नाही. म्हणजे कोणाला गुण आलाच नसेल असं मी म्हणत नाही, पण जिचं दुखणं दुसरीकडेच आहे तिला ही गोळी काय करणार.

मार्चपर्यंत नखं तशीच. आणि बाकीचं काय काय चालू होतं हे नखांच्या नादात कोणी बघितलंच नाही. दुसऱ्या मजल्यावर डबा पोचवून आली की ती दोन मिनिटं कठड्याला धरून उभी राहायची. केस गळत होते. थंडी वाजते म्हणायची, गॅससमोर उभी राहून. आणि एक सवय लागली होती, तांदूळ निवडताना चिमूटभर, मग मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची, कुरुम कुरुम आवाज यायचा, आई ओरडायची की पोटात जंत होतील म्हणून. मी तो आवाज ऐकलाय, कित्येकदा, माझ्यासमोर बसून खायची, आणि मला तेव्हा काही सुचलं नाही याचं आज वाईट वाटतं.

मार्चच्या शेवटी फॅमिली डॉक्टरांनी थकवा आणि केस गळणं ऐकून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी, आणि थायरॉइडची टेस्ट लिहून दिली. रक्त मीच काढलं. रिपोर्ट आला, टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन, ०.२१, खालच्या मर्यादेच्याही खाली, आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन, थोडं वर. कागदावर सरळ सरळ थायरॉइड जास्त काम करतंय असा अर्थ. त्याच कागदावर हिमोग्लोबिन ९.२ होतं, पण ते कोणाच्या डोळ्यात भरलं नाही. दादा म्हणाला बायकांचं असतंच कमी. आई म्हणाली माझं तर आठच असायचं. आणि सगळे थायरॉइडच्या काळजीला लागले.

मला मात्र जुळेना. थायरॉइड जास्त असेल तर माणसाला उकडतं, वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात. हिला थंडी वाजत होती, वजन तेवढंच, नाडी ७८. रात्री जेवताना विचारलं, वहिनी तू गोळ्या कुठल्या कुठल्या घेतेस, सगळ्या आण बघू. तिने प्लास्टिकची पिशवी ओट्यावर ओतली आणि त्यात ती बायोटीनची बाटली बघून माझ्या पोटात गोळा आला.

झालं असं होतं. आमच्यासारख्या बऱ्याच लॅबच्या हॉर्मोनच्या टेस्टमध्ये बायोटीन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रोटीनची जोडी वापरतात, ती एकमेकांना इतकी घट्ट धरतात की टेस्टचा सांगाडा त्याच्यावरच उभा असतो. रक्तातच बायोटीन भरमसाट असेल तर ते मध्ये घुसून ती जागा अडवतं आणि मशीन फसतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, टी-३ टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे नसलेला आजार कागदावर अगदी पुस्तकातल्यासारखा उमटतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला आणि २०१९ मध्ये परत दिला, कारण हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची टेस्ट पण बायोटीनमुळे खोटी कमी येऊ शकते आणि त्यातनं एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद त्यांच्याकडे आली होती. सगळ्या मशीनवर असं होत नाही, किटवर अवलंबून आहे, पण पेशंटला कुठे माहीत असतं लॅबमध्ये कुठलं किट आहे ते. म्हणून मी आता रक्त काढायच्या आधी प्रत्येकीला विचारते, केसांसाठी नखांसाठी काही घेताय का. औषध घेता का विचारलं तर नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी बायोटीन बंद करायला लावलं. इतक्या डोसला निदान दोन दिवसांचा गॅप लागतो, आम्ही पूर्ण आठवडा ठेवला. परत टेस्ट, टीएसएच २.८. थायरॉइड ठणठणीत. त्याच वेळी फेरिटिन केलं, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती शिल्लक आहे ते, आणि ते मुद्दाम बायोटीन थांबवल्यावर केलं कारण काही किटवर तेही खोटं कमी येतं. फेरिटिन आलं ६. निरोगी मोठ्या माणसात १५ च्या खाली गेलं की साठा संपला धरतात, ही त्याच्या निम्म्याच्याही खाली. लाल पेशींचा आकार, एमसीव्ही, ६७, म्हणजे पेशी बारीक बारीक. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष, असेल तर पण एमसीव्ही असाच खाली येतो, तिथे नुसत्या हिमोग्लोबिनवरनं लोहाच्या गोळ्या सुरू करणं चुकीचं ठरू शकतं, म्हणून फेरिटिन बघणं गरजेचं. बी-१२ बरं होतं.

डॉक्टरांनी मग तिची नखं पहिल्यांदा नीट बघितली, दोन्ही हातांची, पायांची पण, खिडकीपाशी नेऊन. पायाची नखं चांगली होती, जाड पिवळी नाही, भुगा नाही, तरी हाताच्या एका नखाखालचं खरवडून बुरशीची तपासणी केली, ती निगेटिव्ह. सोरायसिस या त्वचेच्या आजारात नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, ते नव्हते. आणि मग त्यांनी ड्रॉपरने तिच्या अंगठ्याच्या नखावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब तिथेच बसून राहिला. नख मध्ये इतकं खोलगट झालं होतं की वाटीत बसावा तसा थेंब बसला, ती हात हलवतेय तरी हलेना. माझ्या अंगठ्यावर सोडला तर ओघळून गेला. चमच्यासारखं नख असं याला म्हणतात, लोह फार दिवस कमी असलं की नख पातळ आणि मऊ पडून असं बसतं. मी रोज तिच्या हातचा डबा खाते, तो हात मी किती वेळा बघितला असेन.

आता लोह गेलं कुठे. ते डॉक्टरांनी एका प्रश्नात काढलं, पाळीत अंगावर किती जातं. वहिनी आधी गप्प, मग माझ्याकडे बघून म्हणाली, दोन-तीन वर्षं झाली, पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात, पोळ्या लाटताना काळा परकर घालते. दोन-तीन वर्षं! घरात तिघी बायका, त्यातली एक लॅबवाली, आणि कोणालाही पत्ता नाही. गायनॅककडे सोनोग्राफी झाली, पिशवीत तीन सेंटीमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली, ऑपरेशनची गरज नाही म्हणाल्या, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायची गोळी दिली आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. हे झालं नसतं तर वरनं कितीही लोह ओतलं तरी खालनं गळतच राहिलं असतं.

आणि एक सांगते, ज्याचा मला खरंच राग येतो. ते "बायकांचं असतंच कमी". २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका अ‍ॅनिमिक, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या, देशात ५७ टक्के. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा ४८ होता, म्हणजे वाढला. निम्म्याहून जास्त बायकांना आहे म्हणून ते नॉर्मल होत नाही, हिमोग्लोबिन बारा म्हणजे बाराच, त्याच्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया.

नखं तुटायचं अर्धं कारण रक्तात सापडलं. दुसरं अर्धं मोरीत होतं.

वहिनीचे हात दिवसातनं किती वेळा ओले होतात हे मी एका रविवारी बसून मोजलं. पहाटे साडेचार ते दुपारी दोन, एकसष्ट वेळा. भाजी धुणं, कणीक, हात धुणं, परात घासणं, ओटा पुसणं, परत कणीक. आणि प्रत्येक वेळी पदराला पुसून कोरडे. त्रास नुसत्या पाण्याने होत नाही एवढा, ओलं-कोरडं-ओलं-कोरडं याने होतो. नख पाणी पटकन पितं आणि फुगतं, वाळलं की आक्रसतं, आणि ते थर रोज साठ वेळा फुगले-आक्रसले की त्यांच्यामधला चिकटपणा सुटतो. लाकडी दाराची फळी पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात चिरते तसं. त्यात भांड्याच्या साबणाने नखातलं तेल निघून जातं. साधारण पाचातल्या एका माणसाची नखं अशी ठिसूळ असतात आणि बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट, आणि भांडी कोण घासतं हे काय मी सांगायला पाहिजे का.

उपचार गुढीपाडव्याला, ९ एप्रिल २०२४ ला सुरू झाले. लोहाची गोळी डॉक्टरांनी एक दिवसाआड दिली, वहिनीला वाटलं कंजूषपणा करतायत, पण त्याला कारण आहे, लोहाची गोळी पोटात गेली की शरीर हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन वाढवतं आणि ते पुढचा साधारण एक दिवस आतड्यातनं लोह आत घेणं कमी करतं, म्हणून काही जणींना एक दिवसाआड घेतलेलं जास्त लागू पडतं आणि बद्धकोष्ठता-मळमळ पण कमी. गोळीचं नाव आणि पॉवर मुद्दाम लिहीत नाही, ते ज्याच्या त्याच्या रिपोर्टवर ठरतं. सकाळी अनशापोटी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. कॅल्शियम परत घ्यायचं नाही, कारण ते लोहाबरोबर पोटात गेलं की लोह कमी शोषलं जातं, म्हणजे दिवाळीनंतरचे ते दोन महिने दुपारच्या जेवणातलं जे काही लोह होतं त्याच्यावर ती कॅल्शियम आणि चहा दोन्ही ओतत होती. चहा जेवणाच्या आधी एक तास नाही नंतर एक तास नाही, हे तिला सगळ्यात जड गेलं, पहिला आठवडा डोकं धरून बसायची. शी काळी होईल हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर घाबरून गोळी बंद करतात बायका.

जेवणात आईने हळिवाचे लाडू सुरू केले, बाळंतिणीला देतात ते, आई म्हणाली हिला काय आता बाळंतीण व्हायची वाट बघायची का. लोखंडी कढईत पालेभाजी, बुधवार-रविवार सुकट किंवा अंडी, कधीतरी मटणाची कलेजी. पण स्पष्ट सांगते, फेरिटिन ६ असताना नुसत्या लाडवांनी भरून येत नाही, गोळी लागतेच, लाडू हे साठा भरल्यावर टिकवायला.

हातांचं जास्त कठीण होतं कारण धंदा तर बंद करता येत नाही. सगळ्यात मोठा बदल म्हणजे कणीक मळायचं मशीन, सेकंडहँड, दादाने बाइकची सर्व्हिसिंग पुढे ढकलून आणलं. भांडी मावशींकडे, आणि मावशींना पण मोजे, नाहीतर हिची नखं वाचवायला तिची घालवायची असं होईल. रबरी मोज्यांच्या आत पातळ सुती मोजे घालायचे, कारण नुसत्या रबरात घाम साचून हात आतनंच भिजतात आणि मग काही फायदा नाही. सुती मोजे तीन जोड, ओले झाले की बदलायचे. कामाच्या वेळी क्रीम लावता येत नाही, पोळीला वास लागतो, म्हणून हात पुसले की तुपाचं बोट नखांवर फिरवायचं, ते तर पोळीला लागणारच असतं. रात्री कोमट पाण्यात पाच मिनिटं हात, नुसते टिपून घ्यायचे, आणि नखं ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन मुळापासून टोकाच्या खालपर्यंत, वर सुती मोजे घालून झोपायचं. स्किनवाल्या डॉक्टरांनी युरिया असलेलं क्रीम पण दिलं होतं, पण कडेच्या भेगांना ते झोंबायचं म्हणून भेगा भरेपर्यंत थांबलो.

नखं कापायची अंघोळीनंतर, मऊ असताना, अगदी बारीक. आधी ती रात्री सगळं आवरून झाल्यावर कोरडी खडखडीत नखं कटरने कापायची आणि कापतानाच ती चिरायची. आईचा लहानपणापासूनचा नियम होता, तिन्हीसांजेनंतर नखं कापायची नाहीत, आम्ही त्याला अंधश्रद्धा म्हणायचो, पण सकाळी अंघोळ करून कापायची ही तिची सवय नखाच्या दृष्टीने अगदी योग्य निघाली. फाइल बारीक दाण्याची, एकाच दिशेने, करवतीसारखी मागेपुढे नाही. पॉलिश, रिमूव्हर, हार्डनर सगळं बंद. नखाच्या मुळाची कातडी कापायची नाही, ढकलायची नाही, ती नखाच्या फटीवरचं झाकण आहे, ते उघडं पडलं की ओल्या हातात नखुरडं व्हायला वेळ लागत नाही.

आणि आता तो बगळ्याचा ठिपका. नखाला धीर धरावा लागतो, हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवीन यायला पाच-सहा महिने, पायाचं तर वर्ष-दीड वर्ष. वहिनी आठ दिवसांतच म्हणायला लागली काही फरक नाही. पण तिच्या डाव्या अनामिकेवर नवा आलेला पांढरा ठिपका मी पाडव्यालाच पट्टीने मोजून ठेवला होता. तेव्हा मुळापासून ४ मिलिमीटर. मेच्या दहा तारखेला ७. कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा, दुधाच्या हिशोबाशेजारी. तिला म्हटलं, ठिपक्याच्या पुढचं नख जुनं, उपाशी असताना बनलेलं, ते तुटणारच, त्याला काही लावून ते बरं होणार नाही, मेलेलंच असतं ते. ठिपक्याच्या मागनं येतंय ते बघ. जूनमध्ये ठिपक्याच्या मागचं नख बोट फिरवून पण वेगळं लागायचं, गुळगुळीत. आषाढीच्या आसपास ठिपका टोकाला पोचला आणि तिने तो कापला, आणि मला फोन करून सांगितलं.

रक्त त्याच्या आधीच सुधारलं होतं. जुलैत हिमोग्लोबिन १२.१. कच्चे तांदूळ खायची सवय तर तीन आठवड्यांतच गेली, तिने सोडली नाही, तिला आठवणच येईनाशी झाली, ते बघून मला सगळ्यात जास्त विश्वास बसला. गणपतीत मोदकाची उकड तिने हातानेच मळली, मशीन असताना, मी काही बोलले नाही. तेव्हा नऊ नखं नीट होती. हिमोग्लोबिन वर आलं तरी गोळी डॉक्टरांनी चालूच ठेवली, कारण साठा मागाहून भरतो, बहुतेक जणी इथेच सोडतात आणि वर्षभरात परत तिथेच येतात. ऑक्टोबरमध्ये फेरिटिन ३४.

उजवा अंगठा अजून चिरतो. तो लसूण सोलायचा अंगठा आहे, आणि डब्यांची झाकणं त्याच नखाने उचकटायची सवय आहे, शिवाय त्याच्यावरच्या उभ्या रेघा वयाच्या पण असतील, त्या जाणार नाहीत. झाकणासाठी आता जुना चमचा टांगून ठेवलाय. खोलगटपणा मात्र गेला, मी ड्रॉपर घेऊन गेले होते, थेंब ओघळला.

सगळ्यांनाच लोह कमी असतं असं नाही, हे पण लिहायला पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचं रक्त उत्तम असतं आणि नखं नुसत्या पाण्याने आणि रिमूव्हरने गेलेली असतात, त्यांना मोजे आणि तेल एवढंच पुरतं. दर पंधरा दिवसांनी जेल पॉलिश खरवडून काढणाऱ्या मुलींचं तर नख वरनंच झिजलेलं असतं. उलट फक्त एकाच नखाला काही झालं असेल, एकावरच काळी-तपकिरी उभी रेघ आली आणि रुंद होत चालली, किंवा नख खालनं सुटून उचललं जातंय, तर तेल लावत बसू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे जा, त्या रेघेच्या मागे क्वचित कॅन्सर पण असू शकतो.

दिवाळी २०२४ ला वहिनीने परत चिरोटे केले, ऑर्डरीचे, आणि त्याच आठवड्यात मी हट्टाने भाचीचं पण रक्त काढलं. चौदा वर्षांची, पाळी सुरू होऊन दोन वर्षं झालेली, नखं एकदम छान, गुलाबी, काहीच तक्रार नाही, फक्त शाळेतनं आली की दप्तर टाकून झोपते. हिमोग्लोबिन १०.९ आलं. दादा काहीतरी बोलायला गेला आणि वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, गोळी सुरू झाली, आणि आता भाचीच्या शाळेच्या डब्यात पालेभाजीशेजारी फॉइलमध्ये गुंडाळलेली लिंबाची एक फोड असते. ती पिळली का नाही हे वहिनी रोज डबा धुवायच्या आधी उघडून बघते.